पाटीवरचा खालचा आकडा

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत एकदा एक दोन अंकी आकडा फरारी झाला होता. त्याच्या शोधासाठी एक सहायक पोलीस निरीक्षक, एक हवालदार आणि एक सरकारी टोपी असे पथक कामाला लागले होते. टोपीने आपले काम चोख बजावले. हवालदारानेही बजावले. पथकाच्या प्रमुखाबद्दल तसे म्हणता येत नाही, आणि तो प्रमुख मीच होतो.

वेळेआधी निवृत्ती घेऊन मला काही वर्षे झाली. लोकांना माझ्याकडून खून, दरोडे ऐकायचे असतात. मीही ते हातवारे करून, आवाज बदलून, समोरच्याचा चहा गार होईपर्यंत सांगतो. ही घटना मात्र मी नेहमी अर्धीच सांगत आलो. टोपीपासून छाप्यापर्यंत सांगायची, लोक हसले की थांबायचे. उरलेली अर्धी आज लिहितो.

सुरुवात एका निनावी फोनने झाली. मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होते. फोन वाजला आणि त्यांनी तो माझ्याकडे दिला.

"सायेब, आमच्या गावात एक म्हातारं लॉटरीचं आकडं सांगून लोकं बुडवतंय," पलीकडचा माणूस ओरडत होता. "दुकानवाल्याचा मानूस हाय तो. तिथं बसून चा पितंय. मी डोळ्यानं पायलंय."

"आपलं नाव?"

"नाव नाय सांगनार. मी लई मोठी रिस्क घेतोय."

त्याच्या मागे कसली तरी जोरात धडधड चालू होती आणि एक बाई विचारत होती, "भाऊ, माझी बाजरी झाली का?"

फोन ठेवून मी हवालदारांना विचारले, "त्या गावात पिठाच्या गिरण्या किती?"

"एकच, साहेब," हवालदार म्हणाले. खबर देणाऱ्याचा तपास तिथेच पूर्ण झाला. इतका जलद तपास माझ्या सेवेत पुन्हा कधी झाला नाही.

गाव डिंगोऱ्याच्या बाजूचे. म्हाताऱ्यांचे नाव लिहीत नाही. गाव त्यांना आप्पा म्हणायचे, मीही तेच म्हणेन. आप्पा पाटबंधारे खात्यात पाऊस मोजायच्या कामावर होते. अर्धी नोकरी आहुप्याला गेली. तिथे पावसाळ्यात घराच्या भिंतीही भिजून फुगतात. रोज सकाळी साडेआठला मापक उघडायचा, पाणी मोजायचे, वहीत मिलिमीटर लिहायचे. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या अंगणात मापक बसवला आणि ओटीवर एक काळी पाटी टांगली. पाटीवर रोज खडूने कालचा पाऊस. पेरणी, फवारणी, कांदा काढणे, सगळे त्या पाटीवर चालायचे. साडेआठला अंगणात दहा-पंधरा माणसे उभी असायची. आप्पा आकडा लिहायचे, लोक पाहायचे, कोणी वाद घालायचे नाही. आप्पांची सगळी इस्टेट म्हणाल तर ती एवढीच. पाटीवर लिहिलेले लोक खरे मानत होते.

पुढे हमरस्त्यावरच्या बाजाराच्या गावी संगणकावरच्या लॉटरीचे दुकान निघाले. शून्य-शून्य ते नव्व्याण्णव यांतला एक आकडा, दिवसातून तीन सोडती. निकालाचा कागद दुकानाबाहेर भिंतीवर लागायचा. आप्पांना आकडे दिसले की वही उघडायची सवय. ते एक दिवसाआड एस.टी.ने जाऊन निकाल उतरवून आणू लागले. पावसाच्या वह्यांसारख्याच वह्या, तसेच रकाने. कोणता आकडा किती वेळा आला, कोणता किती दिवस आलेला नाही. मग त्यातून ते एक आकडा काढायचे. लोकांनी आग्रह केला म्हणून तोही पाटीवर लिहू लागले. वरती पाऊस, खाली लॉटरी. फुकट.

इथे गावाची फसगत झाली, आणि असली फसगत फक्त त्याच अंगणात होऊ शकत होती. वरचा आकडा वर्षानुवर्षे कधी चुकला नव्हता. मग त्याच हाताने, त्याच खडूने, त्याच पाटीवर लिहिलेला खालचा कसा चुकेल? वरचा पडून गेलेल्या पावसाचा होता आणि खालचा न पडलेल्याचा, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आप्पांच्याही नाही. कोणीतरी रोज पाटीचा फोटो काढून मोबाइलवर टाकायचे आणि पार पिंपरी पेंढारपासून लोक तोच आकडा लावायचे. तो कधी लागत नव्हता. लोक म्हणायचे, आज नाही तर उद्या.

मी जीप घेऊन गेलो ती बाजाराच्या दिवशी, साडेआठला, अंगण भरलेले असताना. हे मी मुद्दाम केले. गर्दी असली की कारवाईला वजन येते, असा माझा तेव्हाचा समज होता. पंच बोलावले, घरझडतीचा पंचनामा केला, अकरा वह्या जप्त केल्या. आप्पांनी विचारले, "साहेब, पाटी लिहून येऊ का? पाऊस मोजून झालाय." मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "आता तुमची पाटी आम्ही लिहू." लोक हसले. मला बरे वाटले.

ठाण्यात एक स्थानिक बातमीदार आलेलाच होता, म्हणजे मीच बोलावला होता. टेबलावर अकरा वह्यांची चळत, मागे मी, शेजारी आप्पा. त्यांनी तोंड झाकले नाही, कारण तोंड झाकायचे असते हे त्यांना माहीत नव्हते. उलट टोपी सरळ केली आणि कॅमेऱ्याकडे पाहिले. 'आकड्यांचा मांत्रिक पोलिसांच्या ताब्यात.' मी त्यांना वय विचारण्याच्या आधी तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचला होता.

मग चौकशी. चौकशीत माणूस दोन प्रकारे बोलतो. दोषी माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. निर्दोष माणूस प्रश्न नीट समजून घेतो आणि मग भलतेच काहीतरी सांगतो. आप्पा दुसऱ्या प्रकारचे होते.

"दुकानवाला तुम्हाला काय देतो?"

"चहा देतो साहेब. साखर लई घालतो."

"कशाबद्दल?"

"ते मला बी कळंना झालंय. मी तिकीट तर कधी घेतलं न्हाई."

"मग लोकांना आकडा कशावरून सांगता?"

आता त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी वही ओढली. "हे बघा, हा त्रेसष्ट. लई दिवस आला न्हाई. मंजी आता यायला पायजे. आहुप्याला मी बघितलंय ना, जून कोरडा गेला की पुढं भरपाई व्हती. आभाळ बाकी ठेवत न्हाई."

"आप्पा, आभाळाला पावसाळा असतो. आकड्याला कसला पावसाळा?"

त्यांनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "साहेब, एक सांगू का? माझं चुकतंय हे मला कळतंय. पण इतकं कसं चुकतंय, ते कळत न्हाई. डोळं झाकून आकडा सांगितला तरी एखाद्या टायमाला लागंल का न्हाई? पाटीवरचा माझा कधीच लागत न्हाई. चुकायला बी काय हद्द असती."

हे वाक्य त्यांनी पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात सांगितले. गुन्ह्याची सगळी उकल त्यात होती. मी काय केले? मी हसलो. जबाबात ते वाक्य लिहिलेसुद्धा नाही. संध्याकाळी त्यांना घरी सोडले आणि सकाळी पुन्हा बोलावले.

दुसऱ्या दिवशी मला नाटक सुचले. आकड्यांना आठवण नसते, हे म्हाताऱ्याला सर्वांसमोर शिकवावे म्हणून मी शंभर चिठ्ठ्या करवून घेतल्या. हवालदारांची टोपी उलटी करून त्यात टाकल्या. मी जादूगारासारख्या बाह्या सरसावल्या. "आप्पा, बोला तुमचा आकडा!"

"त्रेसष्टच धरा."

चिठ्ठी काढायची, वाचायची, परत टोपीत टाकायची, ढवळायची. ठाणे अंमलदार गुणफलक लिहायला बसले. पासपोर्टच्या चौकशीसाठी आलेले एक गुरुजीही काम विसरून थांबले. मी प्रत्येक आकडा दवंडीसारखा पुकारत होतो. सतरा! एकोणनव्वद! शून्य-चार! बऱ्याच वेळाने हवालदारांनी एक चिठ्ठी उलगडली आणि ते म्हणाले, "त्रेसष्ट."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी नाही वाजवल्या. ते त्या चिठ्ठीकडे एकटक बघत राहिले. चहाच्या वेळेपर्यंत त्रेसष्ट आणखी एकदा आला. तेव्हा आप्पा उठून उभे राहिले.

"साहेब, तुमच्या टोपीत एका दुपारी दोनदा लागला. दुकानात आख्ख्या वर्षात एकदा बी न्हाई."

टोपीतला हात मी तसाच ठेवला. हवालदार माझ्याआधी वहीकडे वळले होते. आप्पांच्या वहीत प्रत्येक दिवसापुढे तीन सोडतींचे निकाल होते, शेवटी त्यांचा स्वतःचा आकडा होता, आणि काही तारखांपुढे छोटे गोल होते.

"हे गोल कसले?" हवालदारांनी विचारले.

"पाटी लिहिली त्या दिवशी गोल. श्रावणात मी आहुप्याला जातो, जुन्या माणसांकडं राहतो. तवा पाटी नसती. ताप आला तर नसती. पर आकडा काढतोच, निकाल मागनं दुकानातनं उतरवून घेतो. वही रिकामी ठेवायची न्हाई."

आम्ही तिघे वह्यांवर वाकलो. गोल नसलेल्या दिवशी आप्पांचा आकडा अधूनमधून लागत होता, जसा कोणाचाही लागेल तसा. गोल असलेल्या दिवशी तो एकदाही लागलेला नव्हता. अकरा वह्यांत एकदाही नाही.

"साहेब," हवालदार म्हणाले, "पाटी लिहिली की आकडा पळून जातो."

पुढचे काम सोपे होते. बनावट ग्राहक पाठवले, तिकिटे घेतली, सायबर शाखेतला एक माणूस सोबत घेऊन पाच वाजताच्या सोडतीच्या जरा आधी छापा घातला. दुकानाच्या पडद्यामागे दुसरा संगणक होता. त्यावर शंभर आकड्यांची यादी, प्रत्येकापुढे त्या सोडतीसाठी आलेली रक्कम, सर्वांत कमी रक्कम सर्वांत वर. चालवणाऱ्या माणसाचे बोट माउसवर होते. त्या दिवशी एकेचाळीस येणार होता, कारण एकेचाळीसवर कोणीच काही लावले नव्हते.

चौकशीत मी दुकानाच्या मालकाला विचारले, "त्या म्हाताऱ्याला चहा का पाजायचात?"

तो हात जोडून म्हणाला, "साहेब, तो माणूस आख्खा तालुका एका आकड्यावर आणून बसवत व्हता. मला फक्त तेवढा एक टाळायचा. बाकी सगळं मैदान मोकळं. असल्या माणसाला चहा नको का पाजायला?"

गुन्हा सिद्ध व्हायला आप्पांच्या वह्या हाच कणा होता. संगणकातली नोंद रोज पुसली जायची. मागच्या सोडतींचा एवढा काटेकोर लेखा दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. आप्पा फिर्यादी पक्षाचे मुख्य साक्षीदार झाले आणि न्यायालयात त्यांनी रकाना न् रकाना वाचून दाखवला.

इथपर्यंत मी नेहमी सांगतो. आता राहिलेले.

छाप्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो निघाला. या वेळी टेबलावर संगणक आणि मागे मी एकटा. तोच बातमीदार होता. त्याने विचारले, "साहेब, गेल्या आठवड्यातल्या त्या मांत्रिकाचं काय?"

मला फक्त एवढेच म्हणायचे होते की तो माणूस निर्दोष आहे, आणि हा गुन्हा त्यानेच उघड केला. पण वरिष्ठांचा शाबासकीचा फोन नुकताच येऊन गेला होता. आठवड्यापूर्वी चुकीचा माणूस धरला, हे त्याच टेबलावरून सांगायचे? मी म्हणालो, "तपास चालू आहे."

सेवेत मी बरेच काही बोललो आहे. काही शिव्याही दिल्या आहेत. त्या कोणत्याच शब्दांची मला या तीन शब्दांइतकी लाज वाटत नाही.

गावाने त्याचा अर्थ सरळ लावला. दुकानवाला पकडला, म्हणजे त्याचा चहा पिणारा म्हातारा त्यात होताच, वशिल्याने सुटला. आप्पा साक्षीसाठी आले की वह्यांबद्दल कधी विचारायचे नाहीत. एकच मागायचे. "साहेब, एकदा गावात येऊन सांगा. मी सांगून उपयोग न्हाई. तुमीच नेलं, तुमीच सांगा."

"येतो आप्पा. नक्की येतो."

मग बंदोबस्त आला, मग निवडणूक आली, मग माझी बदली झाली. ही कारणे नाहीत, मला ठाऊक आहे. जीप त्यांना आणायला पाऊण तासात पोहोचली होती.

नंतर कधीतरी हवालदार भेटले. मी आप्पांची चौकशी केली. ते म्हणाले, "पाटी लिहितात रोज. खालचा आकडा बंद केलाय, फक्त पाऊस. पण अंगणात कोणी येत नाही, साहेब. मी मुद्दाम साडेआठला गेलो होतो. म्हातारबाबांनी पाऊस मोजला, लिहिला, आणि पाटीसमोर स्वतःच उभे राहिले थोडा वेळ. त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, रोज असंच करतात."

"आणि गिरणीवाला?"

"समोरच गिरणी आहे. आप्पा दिसले की पट्टा चालू करतो. दळण असो नसो."

या प्रकरणाने मला काय शिकवले असे कोणी विचारले तर तपासाचे एखादे तंत्र सांगता आले असते. लोकांना ते आवडते. पण मी शिकलो ते एवढेच: माणसाला गावासमोर उचलून आणायला कायद्याने मला अधिकार दिला होता, आणि गावासमोर परत नेऊन बसवायला कोणीच भाग पाडले नव्हते. ते काम कोणत्याच नोंदवहीत नव्हते, म्हणून मी केले नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या किती माणसांचे ते राहिले असेल, हे मोजायला माझ्याकडे वही नाही.

निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी गेलो. गावात हरिनाम सप्ताह होता, काल्याचा दिवस. मंडपात सगळे गाव बसलेले. मी आयोजकांकडे दोन मिनिटे माईक मागितला. आप्पा एका खांबाला टेकून होते, आता ऐंशीला आलेले, आणि त्या गच्च मंडपातही त्यांच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती.

मी सगळे सांगितले. जीप, फोटो, ते तीन शब्द. या माणसाने कोणाकडून काही घेतले नाही, उलट याच्या वह्यांमुळेच चोर सापडला, आणि मी त्याचे नाव घ्यायला घाबरलो. चूक माझी. मी हेही सांगितले, टोपीतल्या चिठ्ठ्यांचा दाखला देऊन, अगदी सावकाश, की मागचे निकाल पाहून पुढचा आकडा कोणालाच काढता येत नाही, आप्पांनाही नाही, त्यामुळे पाटीवरच्या त्या आकड्याला तसा काहीच अर्थ नव्हता. माझा आवाज मध्येच बसला. हे मी मुद्दाम केले नव्हते. मग आप्पांजवळ जाऊन पायांवर हात ठेवला.

मागे महाप्रसादाच्या कढईवर उलथने आपटत होते. आप्पांनी माझा हात उचलून दोन्ही हातांत धरला. ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते लोकांकडे पाहत होते, कोण उठतो ते.

पुरुषांच्या रांगेतून गिरणीवाला उठला. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, डोळ्यांत पाणी. लोकांना ओलांडत, कोणाच्या मांडीवर पाय देत तो आला आणि आप्पांच्या शेजारच्या त्या मोकळ्या जागेत, इतक्या वर्षांनी, त्यांना खेटून बसला. खांद्यावर हात टाकला. आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा ओरडला:

"आयला, मंजी आप्पाचा आकडा बरूबरच व्हता राव, मशिनच चोर व्हतं! आप्पा, आजचा कुठला?"